वालावलची जानकी

वजीरा सिस्टरला राग यायला मोठं कारण लागत नाही, असं मालवणच्या बाजारात सगळेच म्हणत. पण त्या शनिवारी तिला राग आला तो एका मोबाईल नंबरावरून. त्यात नऊच आकडे होते.

तिने रजिस्टर उजेडाकडे धरून पुन्हा मोजले. नऊ. एखादा आकडा पुसला गेलाय म्हणावं, तर तसंही नाही. अक्षर तिचं स्वतःचंच होतं. बाईने सांगितला, हिने लिहून घेतला, मोजला मात्र नाही. त्यामुळे निम्मा राग स्वतःवरच होता, आणि तो राग सगळ्यात वाईट. कुणावर काढताही येत नाही.

डॉक्टर परुळेकरबाईंच्या प्रसूतिगृहात वजीरा एकोणीस वर्षं नोकरीला होती. त्या सालात, म्हणजे दोन हजार सातात, गर्भपाताच्या गोळ्या बाजारात येऊन पाचेक वर्षं झाली होती. आधी जे काम टेबलावर घेऊन करावं लागे, ते सात आठवड्यांच्या आत असेल तर गोळ्यांनी होऊ लागलं. परवान्याचा कागद भिंतीवर फ्रेम करून लावलेला होता आणि परुळेकरबाईंचा नियम लोखंडी होता. आधी तपासणी. मग पहिली गोळी त्यांच्यासमोर. तिसऱ्या दिवशी पुढच्या गोळ्या, आणि त्या घेतल्या की चार तास खाटेवर. चौदाव्या दिवशी पुन्हा तपासणी, सगळं साफ झालंय की नाही बघायला. बायका पहिल्या खेपेला घाबरून येत, दुसऱ्या खेपेला पोटात कळा येतील या भीतीने येत, आणि चौदाव्या दिवशी कोणी म्हणता कोणी येत नसे. मग वजीरा फोन करी. कुणाचा नवरा उचली, कुणाची जाऊ. कारण तर सांगता येत नाही. मग "रक्ताचो रिपोर्ट न्हेवक सांगा" असं काहीतरी बोलावं लागे. फोन ठेवला की ती टेबलावर हात आपटी.

ही बाई मात्र चौदाव्या दिवसाची नव्हती. हिला गोळ्या दिलेल्याच नव्हत्या.

मंगळवारी आली होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, उजव्या भुवईवर जुन्या टाक्याचा व्रण, पदर घट्ट आवळलेला. नाव सांगितलं जानकी गावडे, गाव वालावल. दोन मुलं, धाकटं आठ महिन्यांचं, अजून अंगावर पिणारं. तिसरं नको होतं. पाळी कधी आली होती विचारलं तर म्हणाली, "नारळी पुनवेनंतर आठ दिसांनी. त्याच दिवशी रापण वडूक गेललंय, म्हणान याद आसा."

परुळेकरबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. गर्भपिशवी रिकामी दिसत होती. पोटात डाव्या बाजूला हात लावला की बाई कळवळत होती.

"अजून लवकर असेल म्हणून दिसत नसेल," त्या म्हणाल्या. "किंवा गर्भ पिशवीत नसून नळीत असेल. रक्त कोल्हापूरला पाठवते. शुक्रवारी परत या, परत बघू. तोपर्यंत गोळ्या नाहीत."

बाहेर आल्यावर वजीराने तिला तेच आपल्या भाषेत समजावलं. "बघ बाये, गोळी पिशवीतल्या गर्भाक काम करता. नळीत आसलो तर गोळयेन काय्येक जावचा नाय. तो थंयच वाढता आणि नळी फुटता. म्हणान शुक्रवारी येवकच होया. कळला?"

बाईने मान हलवली. इतकी छान हलवली की वजीराला तेव्हाच संशय यायला हवा होता.

शुक्रवार गेला. शनिवारी कोल्हापूरहून रिपोर्ट आला. तो वाचून परुळेकरबाईंनी चष्मा काढला आणि एवढंच म्हणाल्या, "वजीराबाई, हिला आजच्या आज बोलवा."

आणि नंबरात नऊ आकडे.

दुपारी वजीराने नवऱ्याला गाठलं. नुरुद्दीनची रिक्षा होती. तो स्टँडवर पेपर वाचत बसला होता.

"वालावलीक जावक होया," ती रिक्षात बसत म्हणाली.

"वालावल? कोण मेला?"

"मरूक नाय अजून. म्हणानच जावचा आसा. चला तुमी."

धामापूर, काळसे, नेरूर करत ती दोघं वालावलला पोचली तेव्हा उन्हं कलली होती. आता पंचाईत अशी की बाई हवी, पण कशासाठी हवी ते बोलायचं नाही. आपल्याकडे कोण बाई कशासाठी आली हे बाहेर जाता कामा नये, हा कायदाच होता; आणि कायदा नसता तरी त्या बाबतीत वजीराचं तोंड शिवलेलं असे. देवळाजवळच्या दुकानात तिने विचारलं, "जानकी गावडे खंय रवता?"

"कसल्या कामाक?" दुकानदाराने उलट विचारलं.

"पोरांच्या डोसाचा काम आसा."

"जानकीक? तिका डोस?" तो माणूस हसायलाच लागला. पण त्याने वाट दाखवली.

जानकी गावडे अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होती. वय पंचाहत्तर तरी असेल, आणि कानाने पूर्ण बहिरी. वजीराचा पांढरा गणवेश बघून म्हातारी खूश झाली. "बीपीची गोळी हाडलस काय गो?" तिने विचारलं आणि पोलक्याची बाही वर करून बसली. आता काय करणार? वजीराने पिशवीतून यंत्र काढून बीपी मोजलं. बरंच चढलं होतं. दहा मिनिटं ओरडून ओरडून मीठ कमी खायला सांगितलं, ते म्हातारीला ऐकू गेलं नाही, आणि निघताना तिने एक भलीमोठी काकडी हातात कोंबली. दुसरी जानकी गावडे होती ती लग्न होऊन पुण्याला. तिसरी नव्हतीच.

परतीच्या वाटेवर काकडी मांडीवर घेऊन वजीरा धुमसत बसली होती. "खोटा नाव, खोटो गाव, खोटो नंबर! आम्ही काय पोलीस आसव? मगे म्हणतली, सिस्टर, माका वाचवा. खंयसून वाचवू? रापण वडूक गेललंय म्हणाली, ता तेवढा कित्याक खरा सांगूचा?"

नुरुद्दीनने रिक्षा हळू केली. "काय म्हणालस? रापण?"

"होय. कित्याक?"

"वालावलीक रापण खंयची? थंय खाडी. दर्याच्या काठार जाळा टाकून गाव मिळान वडतत ती रापण. ती बाई दर्याची. दांडयेची नायतर वायरीची. बहुतेक आपल्याच बाजारात मासे इकता."

वजीरा त्याच्याकडे बघतच राहिली. "ह्या जाताना सांगूक जावक नाय तुमका?"

"जाताना तू काय सांगलस? चला तुमी, म्हटलस. मी चललंय."

तिचा राग अधिकच चढला; मालवणला पोचताच तिने काकडी प्रसूतिगृहातल्या टेबलावर आदळली आणि परुळेकरबाईंना सगळं सांगितलं.

रविवारी सकाळी मासळीबाजार फुलला होता. बांगड्यांचे दिवस होते. गणवेश न घालता, हातात पिशवी घेऊन वजीरा एकेका ओळीतून चालत गेली. तिसऱ्या ओळीत भुवईवरचा व्रण दिसला. शेजारी बसली होती गोदूबाई तारी, जिच्याकडून वजीरा कित्येक वर्षं मासे घेत आली होती. म्हणजे ही गोदूबाईची सून! दिव्या. लग्नात वजीरा जेवायलासुद्धा गेली होती. पण मुंडावळ्यांमधला तोंडवळा कुणाच्या लक्षात राहतो? बाजारात ती आत्ता कुठे बसू लागली होती. आणि दिव्याला मात्र ही आपल्या सासूच्या ओळखीची आहे, हे पक्कं ठाऊक असणार. म्हणून वालावल.

दिव्याने तिला पाहिलं आणि खाली मान घालून बांगड्यांवर पाणी मारू लागली. गोदूबाई पलीकडच्या गिऱ्हाइकाशी सुरमईवरून हुज्जत घालत होती. वजीरा समोर उकिडवी बसली.

"ताजे आसत मां गो?" ती मोठ्याने म्हणाली, मग एक बांगडा उचलून त्याचे कल्ले बघत, हळू आवाजात, "शुक्रवारी कित्याक येवक नाय?"

"झाला सगळा, सिस्टर," दिव्या ओठ न हलवता बोलली. "बुधवारी गोळये घेतलंय. गुरवारी रगात गेला. मोकळी झालंय."

"गोळये कोणी दिल्यान?"

"घोवान हाडल्यान. मेडिकलातसून. पाच. सगळे एकदम घेवक सांगल्यान दुकानवाल्यान, म्हणजे परत परत कटकट नको."

वजीराच्या हातातला बांगडा खाली पडला. मंगळवारी अर्धा तास घसा फोडून सांगितलेलं, या पोरीच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून सरळ समुद्रात गेलं होतं.

"रगात गेला म्हणजे झाला, असा कोणी सांगल्यान तुका? नळीत आसलो तरी रगात जाता! आता पोट दुखता?"

"थोडा. पण खांदोच जास्ती. डावो. टोपली उचलून."

"टोपली खांद्यार घेतस काय डोक्यार?"

दिव्याने टोपलीकडे पाहिलं. टोपली डोक्यावरच घेत होती. बाजारातली एकही बाई खांद्यावर घेत नव्हती.

वजीराने तिचा हात धरला. नखं पांढरी, तळवा थंडगार, आणि नाडी इतकी भराभर की मोजायची गरजच नव्हती. पोटात रक्त साचलं की ते वर चढून दाबतं आणि दुखतो तो खांदा. हे परुळेकरबाईंनी तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, आणि एकोणीस वर्षांत तिने ते तीनदा पाहिलं होतं. त्यातली एक वाचली नव्हती.

"ऊठ. चल माझ्यावांगडा."

"आवयेक काय सांगू?" म्हणत, सासूकडे बघत दिव्या उठली, आणि दोन पावलांत टोपलीवर आडवी झाली.

बाजार गोळा झाला. गोदूबाई सुरमई टाकून धावली. "काय झाला गो? काय झाला तुका?" मग वजीराला पाहून, "वजीरा, बरी गावलस. रात्रीपासना जेवूक नाय ती. चक्कर इली. पलीकडे लवू कंपाउंडर बसता, तो एक सुई मारतलो, उठतली आता."

"गोदूबाय, लवूची सुई रवांदे. तू पाय धर, मी डोक्याकडे धरतंय."

"अगो, पण..."

"धर म्हणतंय मां!"

असा आवाज गोदूबाईने स्वतःच्या सासूनंतर कुणाचा ऐकला नसावा. तिने मुकाट्याने पाय धरले.

वाटेतच दिव्या शुद्धीवर आली. प्रसूतिगृहात परुळेकरबाईंनी पोटात सुई घालून बघितली. सिरिंज काळपट रक्ताने भरली. त्यांनी लगेच कुडाळच्या भूल देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला, आणि ते निघालेसुद्धा. नुरुद्दीनला रक्ताचा नमुना आणि चिठ्ठी देऊन ओरोसच्या रक्तपेढीत पिटाळलं. त्या सकाळी त्याची रिक्षा कधी नव्हे ती पळाली. सगळं जुळून येत होतं, आणि वजीराला जरा कुठे श्वास घ्यायला मिळतोय, तोवर संमतीच्या कागदापाशी गोदूबाई आडवी आली.

"सुदेश बोटीर आसा. तो येयसर सही करूची नाय. घोवाच्या सहीबिगर पोट फाडतत काय कोण?"

वजीराने डोळे मिटून घेतले. ही गोष्ट तिने वर्षातून पन्नासदा सांगितली असेल. सासवांना, दिरांना, एकदा तर एका ग्रामपंचायत सदस्याला. "गोदूबाय, बाई जाणती आसा, शुद्धीर आसा. तिच्या शरीरार तिचीच सही लागता. घोवाची नाय, तुझी नाय, माझी नाय. सुदेश सांजेक येतलो. तवसर हिका रवाक सांगतस?"

गोदूबाई भिंतीला टेकून खाली बसली.

वजीरा खाटेपाशी वाकली. "नाव काय लिवू? जानकी?"

दिव्याच्या ओठांना रंग नव्हता. तरी ती लाजली. "दिव्या. दिव्या सुदेश तारी." तिने सही केली आणि वजीराचा पदर ओढला. "गोळयेंचा आवयेक सांगू नको."

"सांगूचंय नाय. नळी फुटली, पोटात रगात साचला. ह्या खरा आसा, ह्याच सांगतलंय."

दीड तास लागला. डावी नळी काढावी लागली. दोन पिशव्या रक्त चढलं. बाहेर येऊन परुळेकरबाईंनी टोपी काढली आणि पहिल्यांदा काय म्हणाल्या तर, "वजीराबाई, ती काकडी कापा. भूक लागली." तेव्हा वजीराला कळलं, पोरगी वाचली. मग ती मागच्या मोरीत जाऊन थोडा वेळ नळ सोडून उभी राहिली. तोंड धुवायला किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी सुदेश आला. बोटीवरून थेट, लुंगीला खवले चिकटलेले. बायकोला काचेतून बघून तो बाकावर बसला आणि रडायच्या बेताला आला. पण वजीराने सबंध दिवस राग राखून ठेवला होता.

"डॉक्टरबायन शुक्रवारी बोलावलेला, ठावक होता तुका?"

"होता."

"मगे?"

"डॉक्टरबाय म्हणता परत ये. परत ये म्हणजे आणि कितके खेपा? आवस तिका एकटी खंय सोडणा नाय. मंगळवारी माहेरची कोण आजारी आसा सांगान सुटली ती. दर खेपेक नवीन काय सांगूचा? मी म्हटलंय, गोळी तीच. हंय घेतल्यान काय, थंय घेतल्यान काय."

"गोळी तीच रे बाबा! पण घेतल्यार बघणारो कोण होतो? पिशवीत आसा काय नळीत, ता कोणी बघल्यान? दुकानवाल्यान? तिका आदी पोटात दुखता, ता तुका दिसला नाय?"

सुदेशने लुंगीवरचा एक खवला खरवडला. "ती म्हणाली, थोडाच दुखता," तो म्हणाला.

वजीराला पुढे पुष्कळ बोलायचं होतं. पण 'आवस तिका एकटी सोडणा नाय' हे वाक्य तिच्या डोक्यात अडकून बसलं होतं. आपण तीन खेपांचा नियम करून मोकळे झालो. आणि या बायकांना बाजारातून एका खेपेला सुटायला आजारी माहेर शोधावं लागतं! याचा राग कुणावर काढायचा ते तिला कळेना, म्हणून तिने सुदेशला हातपाय धुवून यायला सांगितलं.

तो राग तिने सोमवारी काढला. गोळ्या जिथून आल्या त्या धोंडूशेटच्या मेडिकल स्टोअरसमोर चार गिऱ्हाइकं उभी असताना ती जाऊन उभी राहिली, आणि गिऱ्हाइकं गेल्यावर पुढे झाली.

"गर्भपाताची गोळी चिठ्ठीबिगर देतस?"

"हळू बोल, सिस्टर," धोंडूशेट म्हणाला. "लोक येतत, मागतत. मी नाय दिलंय तर फुडचो देतलो."

"कितके आठवडे झाले, इचारलंस? सोनोग्राफी केल्यान काय, इचारलंस?"

"मी काय डॉक्टर आसय?"

"ताच सांगाक इलंय मी! तू डॉक्टर नाय! आणि पाची गोळये एकदम घे म्हणान सांगतस!"

धोंडूशेटने फडकं घेतलं आणि तो काउंटर पुसू लागला. परुळेकरबाईंनी त्याच दिवशी औषध निरीक्षकांना लेखी तक्रार पाठवली. तिचं काय व्हायचं ते होईल. धोंडूशेटने मात्र वजीराशी बोलणं टाकलं. ती दुकानासमोरून गेली की तो पंख्याकडे बघे. पण दिवाळीच्या आधी देवगडकडचं एक जोडपं प्रसूतिगृहात आलं, आणि नवरा म्हणाला की मेडिकलवाल्याने गोळी दिली नाही, इथे पाठवलं. धोंडूशेट म्हणालेला, थंय एक बाय आसा, ती खूप बोलतली, पण जावा. वजीराने ते ऐकून नाक मुरडलं आणि त्या दोघांना आत घेतलं.

परुळेकरबाईंशीही तिचं बोलणं झालं. "बाई, मासेवाल्या सकाळी दहाला येणार कशा? बाजार उठला की दोनला येऊ देत. आणि तिसऱ्या खेपेला कुणाला यायला जमतच नसेल, तर मी जाईन."

"तुम्ही कुठे कुठे जाणार, वजीराबाई?"

"वालावलला जाऊन आले ना? मग."

बाई हसल्या. दुपारी दोन ते चार अशी वेळ पाटीवर वाढवून घेतली.

दिव्या सहाव्या दिवशी घरी गेली. दहाव्या दिवशी टाके काढायला या, असं कागदावर लिहून, तोंडी सांगून, सुदेशकडून आणि गोदूबाईकडून दोनदा वदवून घेतलं होतं. दहाव्या दिवशी कुणी आलं नाही. अकराव्या दिवशी दुपारी वजीराने कात्री, चिमटा, कापूस पिशवीत टाकला आणि दातओठ खात दांडीवर गेली.

गोदूबाई दारातच जाळं विणत बसली होती.

"काल येवचा होता," वजीरा चपला काढता काढता म्हणाली.

"एवढ्या उन्हात ओल्या बाळंतिणीसारख्या बाईक खंय चालवू? म्हटलंय, तू येतलस." गोदूबाईने जाळं बाजूला केलं. "बस. आधी पाणी पी."

आत दिव्या पोराला थोपटत पडली होती. वजीराने हात धुऊन टाके काढले. जखम सुकली होती. पुढे पाळी चुकली तर पहिल्याच आठवड्यात यायचं, एकदा नळीत राहिला की पुन्हा राहू शकतो, हे तिने तीनदा सांगितलं, आणि दिव्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मूल नको असेल तर काय काय करता येतं, तेही सांगितलं. दिव्याने या वेळी मान हलवली नाही. प्रश्न विचारले. तांबी बसवली तर दुखतं का, जाळं ओढलं तर निसटते का.

बाहेर आल्यावर गोदूबाईने चहा पुढे केला आणि आवाज खाली आणला.

"वजीरा, नळी अशी आपसूक फुटता?"

"फुटता."

"सुदेशाच्या खिशात गोळयेंचा पाकीट गावला माका. धुवूक टाकताना." ती समुद्राकडे बघत होती. "माका सांगलेला नाय कोणी. सहा बाळंतपणा केलंय मी, त्यातली दोन पोरा गेली. माका काय कळना नाय? माका इचारल्यान असता तर मीच घेऊन इलंय असतंय तिका तुज्याकडे."

वजीराने तिच्याकडे निरखून बघितलं. खरंच आणलं असतं का हिने? की आता, सून वाचल्यावर, असं वाटतंय? चेहऱ्यावरून काही कळेना.

"मगे ता तिका सांग," वजीरा म्हणाली. "माका सांगान काय उपेग?"

गोदूबाई उठली आणि चहाचा दुसरा कप घेऊन आत गेली. वजीरा दारातच बसून राहिली. आत दोघींचं बोलणं सुरू झालं होतं. काय ते ऐकू येत नव्हतं, आणि या वेळी तिने कान द्यायचा प्रयत्नही केला नाही.